टर्बो गाडीला ऑइल कॅच कॅन: उद्यमनगर ते आंबा घाट

डायरेक्ट इंजेक्शनची टर्बो पेट्रोल गाडी काही वर्षं दमदार चालवून झाली की एकदा तिचा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा जोड) उतरवून आत टॉर्च मारावा. व्हॉल्व्हच्या पाठीवर काळा, खडबडीत, नखानं न निघणारा थर दिसतो. माझ्या गाडीत तो दिसला आणि ऑइल कॅच कॅन, म्हणजे इंजिनातून येणाऱ्या वायूतलं ऑइल मध्येच पकडणारा डबा, बसवायचं तिथंच ठरलं. गाडीचं नाव महत्त्वाचं नाही. १.२ लिटरची, ट्यून केलेली हॅचबॅक आहे, आणि पुढं जे लिहितोय ते या जातीच्या बहुतेक गाड्यांना लागू पडतं, कंपनी कुठलीही असो.

हा थर येतो कुठून ते आधी सांगतो, कारण ते कळल्याशिवाय कॅन बसवणं म्हणजे बॉनेटखाली एक चकचकीत डबा टांगणं एवढंच. पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असल्या तरी जळलेल्या वायूचा थोडा भाग त्यांच्या कडेनं खाली ऑइल चेंबरकडे उतरतोच. गॅरेजात याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्या वायूत न जळलेलं पेट्रोल असतं, काजळी असते आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं; बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं खाली उतरतं. त्यात क्रँकच्या फिरण्यानं उडालेलं ऑइलचं धुकं मिसळतं. पूर्वी हे सगळं एका नळीनं सरळ रस्त्यावर सोडून देत. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून नव्या गाड्यांत तो वायू परत इंजिनलाच ओढायला लावायची पद्धत आली, मग ती जगभर पसरली. आपल्या भारत स्टेज नियमांतही क्रँककेसचा, म्हणजे या ऑइल चेंबरचा, वायू उघड्यावर सोडायला परवानगी नाही. वायू परत ओढणारी हीच ती पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) यंत्रणा.

जुन्या मल्टिपॉइंट गाड्यांत इंजेक्टर व्हॉल्व्हच्या मागे पेट्रोल फवारायचा, त्यामुळे व्हॉल्व्हची पाठ सतत धुतली जायची. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. व्हॉल्व्हच्या पाठीवर येते ती फक्त हवा आणि तिच्याबरोबर आलेलं ऑइलचं धुकं. ते गरम व्हॉल्व्हवर भाजतं, एकावर एक बसत जातं. टोयोटासारख्या कंपनीनं काही इंजिनांत दोन्ही प्रकारचे इंजेक्टर दिले, त्याचा एक फायदा हाच. माझ्या गाडीत ती सोय नाही.

आधी साफसफाई. कॅच कॅन जुना थर काढत नाही, तो फक्त नव्याचा वेग कमी करतो, म्हणून पहिल्यांदा व्हॉल्व्ह स्वच्छ करून घेणं गरजेचं होतं. हे काम पुण्यात अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीनं करून घेतलं. ज्या सिलिंडरचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहेत तिथंच हवेच्या दाबानं भुकटी मारायची, शेजारच्या नळीनं ओढून घ्यायची, मग क्रँक फिरवून पुढचा सिलिंडर. अक्रोडाचं कवच कार्बनपेक्षा कडक आणि व्हॉल्व्हच्या धातूपेक्षा मऊ, म्हणून थर निघतो आणि व्हॉल्व्हवर ओरखडा येत नाही. गाडी परत आणताना हायवेला पहिल्यांदाच आयडलिंग इतकं शांत वाटलं.

आता कॅन. ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळणारे अनेक कॅन आतून रिकामे असतात. दोन तोंडं आणि मध्ये पोकळी. वायू एका तोंडातून येतो आणि जसाच्या तसा दुसऱ्यातून निघून जातो. धुकं पकडायचं तर त्याला वळवावं लागतं, कशावर तरी आपटवावं लागतं आणि थंड करावं लागतं. म्हणून आत आडवी पत्री हवी, तिच्याखाली स्टीलची बारीक जाळी हवी, आणि खाली साठलेलं ऑइल पुन्हा वर उडू नये म्हणून साठ्याची जागा वेगळी हवी. मी घेतलेल्या कॅनमध्ये हे सगळं होतं, तरीही एक गोष्ट खटकली. निपल बाहेरून १९ मिलिमीटरचे, आणि आतून कॅलिपर घातला तर भोक जेमतेम १०. माझ्या गाडीच्या मूळ नळीचं भोक १६ मिलिमीटर. म्हणजे वायूला जायला जी वाट होती तिच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी वाट उरली असती.

हा कॅन घेऊन मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे लेथ-फाउंड्रीच्या वस्तीत, गेलो. इथला एक म्हातारा मिस्त्री शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांवर आयुष्य घालवलेला. टर्बो पेट्रोल गाडीशी त्याचा काही संबंध नाही, पण इंजिनाचा ब्रीदर (चेंबरातला वायू बाहेर पडायची वाट) म्हणजे काय हे त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. कॅन हातात घेऊन त्यानं निपलमध्ये करंगळी घालायचा प्रयत्न केला. ती गेली नाही.

"ह्यातनं वारं जाणार कसं?"

"त्याच्यासाठीच आलोय, अण्णा. भोक मोठं करून मिळेल का?"

"मिळंल की. पर ध्यानात ठेव बाळा, चेंबरातलं वारं कोंडलं तर ते गप बसत न्हाई. क्रँकचं सील भाईर टाकंल, न्हाईतर डिपस्टिकमधनं ऑइल उडवंल. इंजिन हाय म्हटल्यावर वारं येणार."

हे वाक्य कॅच कॅन बसवणाऱ्या प्रत्येकानं ऐकावं असं मला मनापासून वाटतं. लोक कॅन किती ऑइल पकडतो ते बघतात. तो किती अडवतो ते कुणी बघत नाही. मागचं क्रँक सील गेलं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि तो खर्च वाचवलेल्या व्हॉल्व्ह-सफाईपेक्षा मोठा आहे.

अण्णांच्या शेजारच्या टर्नरनं जुने निपल काढून नव्या ॲल्युमिनियमचे करून दिले, आतून पूर्ण १६. गाडीच्या मूळ नळीच्या टोकाला प्लॅस्टिकचे चटकन बसणारे कनेक्टर असतात. ती नळी मी कापली नाही. तिच्या टोकाच्या मापाचे दोन ॲडॅप्टर लेथवर बनवून घेतले, ओ रिंगची खाच पाडून. मूळ नळी पिशवीत घालून घरी ठेवली आहे. कधी गाडी पूर्ववत करायची म्हटली तर अर्ध्या तासाचं काम. ब्रॅकेट ३ मिलिमीटरच्या एमएस (साध्या लोखंडी) पट्टीचा, वाकवून पावडर कोटिंग केलेला. हे सगळं एकाच गल्लीत, चालत जाण्याच्या अंतरात झालं. फाउंड्री, लेथ, कोटिंग, नट-बोल्टची दुकानं अशी एकमेकाला लागून असणं हे कोल्हापूरचं मोठं वैभव आहे, आणि गाडीवर जीव असलेल्या माणसाला त्याची किंमत चांगली कळते.

नळीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण बहुतेक घोटाळे इथंच होतात. रेडिएटरच्या पाण्याची नळी दिसायला सारखीच, लक्ष्मीपुरीत सहज मिळते आणि स्वस्तही असते. पण ती बहुतेक वेळा ईपीडीएम रबराची असते आणि ऑइलच्या वाफेत ते रबर फुगतं, मऊ पडतं. मग आयडलिंगला व्हॅक्यूम आला की नळी आत चेपते. इथं नायट्राइल किंवा त्याहून वरची फ्लोरो रबराचं अस्तर असलेली नळी लागते. मी फ्लोरो रबराची घेतली. वळण जिथं तीव्र होतं तिथं आधीच वळवून ढाळलेला एल्बो वापरला, सरळ नळी ओढूनताणून वाकवली नाही. दोन्ही नळ्यांना कॅनकडे उतार ठेवला. मध्ये कुठं झोळ पडला तर त्यात पाणी साठतं. जुबली क्लिप (नळी आवळायच्या पट्ट्या) चांगल्या कडेच्या, म्हणजे रबर न कापणाऱ्या घ्याव्यात.

कॅन नेमका कुठं जोडायचा हा खरा डोक्याचा भाग. टर्बो गाडीत या वायूला दोन वाटा असतात. साधं चालवताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, तेव्हा वायू तिकडे ओढला जातो. टर्बो फुगायला लागला की मॅनिफोल्डमध्ये दाब येतो, तेव्हा तिथला वन-वे व्हॉल्व्ह बंद होतो आणि वायू टर्बोच्या आधीच्या पाइपात जातो. पहिल्या वाटेचं ऑइल व्हॉल्व्हवर बसतं, दुसऱ्या वाटेचं इंटरकूलर आणि त्याचे पाइप ओले करतं. सिलिंडरमध्ये ऑइलचं धुकं गेलं की पेट्रोलचा ऑक्टेन खाली आल्यासारखा परिणाम होतो, इंजिन नॉक करायला लागतं (मिश्रण अवेळी पेटून खडखडतं) आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागं घेतो. ट्यून केलेल्या गाडीत हे लगेच जाणवतं. माझ्या गाडीत इंजिनातून निघालेली नळी थोडी पुढं येऊन मग तिला दोन फाटे फुटतात, दोन्हीवर वन-वे व्हॉल्व्ह. मी कॅन फाट्याच्या आधी घातला. त्यामुळे दोन्ही वाटांचा वायू एकाच कॅनमधून गाळून जातो आणि कॅनवर टर्बोचा दाब कधीच येत नाही. ज्यांच्या गाडीत इंजिनातूनच दोन वेगळ्या नळ्या निघतात त्यांना दोन तोंडं आत घेणारा कॅन लागेल.

काही जण दुसरं तोंड परत जोडत नाहीत, त्यावर छोटा फिल्टर लावून वायू बाहेर सोडतात. ट्रॅकवरच्या गाडीला ते चालत असेल. रस्त्यावरच्या गाडीत मला ते अजिबात मान्य नाही. नियमाविरुद्ध आहे, केबिनमध्ये वास येतो, आणि ज्या गाड्यांत हवेचं मोजमाप आधी होतं त्यांत हिशेब चुकून मिश्रण बिघडतं.

बसवण्याआधी कॅन आणि नळ्या एकत्र जोडून, एक तोंड बंद करून, सायकलच्या पंपानं थोडी हवा भरली आणि पंक्चरवाल्याच्या घमेल्यात बुडवून बघितलं. एका ॲडॅप्टरपाशी बुडबुडे आले, ओ रिंग बदलली. ही तपासणी बाहेर करणं सोपं, गाडीत बसवल्यावर अवघड. कॅनची जागा हेडलाइटच्या मागं, पुढून हवा लागेल अशी निवडली. टर्बोच्या बाजूला बसवला तर तो तापतो, आणि तापलेल्या कॅनमध्ये वाफ वाफच राहते.

बसवल्यानंतर अण्णांचं बोलणं डोक्यात असल्यामुळे मी चेंबरचा दाब मोजला. त्यासाठी गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी पुरते. पुरुषभर उंचीच्या फळीवर नळी यू आकारात बांधली, लाल शाई घातलेलं पाणी भरलं आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवलं. फळी उंच घ्यायचं कारण, व्हॅक्यूम जास्त असेल तर पाणी इंजिनात ओढलं जायला नको. आयडलिंगला इंजिनाकडच्या बाजूचं पाणी वर चढतं, तो फरक मार्करनं फळीवर लिहायचा. हे मी कॅन लावायच्या आधी मूळ नळीवरही केलं होतं. कॅन लावल्यानंतर पाणी जवळजवळ त्याच खुणेवर थांबलं, आयडलिंगलाही आणि तीन हजार आरपीएमलाही. फरक कमी झाला असता तर कॅन वायू अडवतोय असा अर्थ होता. मग ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारं यंत्र) लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय ते, बघितला, तोही जागेवर होता. कुठं हवा गळत असती तर तो वर गेला असता आणि पुढे पी०१७१ चा, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय असा, कोड आला असता.

पहिली खरी परीक्षा आंबा घाटात. मलकापूरवरून आंबा, खाली साखरपा आणि परत. घाट उतरताना थ्रॉटल बंद आणि गिअर खाली, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्यूम. चढताना पूर्ण बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब. दोन्ही वाटा एकाच फेरीत पुऱ्या वापरल्या जातात. घरी येऊन इंजिन कोमट असताना खालचा कॉक सोडला तर गडद तपकिरी, पेट्रोलचा वास असलेलं ऑइल आलं. फार नव्हतं, पण हे सगळं व्हॉल्व्हवर आणि इंटरकूलरमध्ये गेलं असतं हे डोळ्यांनी दिसलं, आणि त्या दिवशी मला फार समाधान वाटलं.

सांभाळणं मात्र इथून पुढं सुरू होतं. दीड ते दोन हजार किलोमीटरला कॅन रिकामा करणं हा माझा सामान्य नियम. पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीत त्याच्या निम्म्या अंतराला. त्या महिन्यांत राजारामपुरी ते शाहूपुरी अशा छोट्या फेऱ्याच जास्त असतील तर कॅनमध्ये ऑइल कमी आणि फिकट पिवळं, घट्ट ताकासारखं पाणी जास्त निघतं. पहिल्यांदा बघणारा माणूस हेड गॅस्केट (कुलंट ऑइलमध्ये येऊ न देणारं इंजिनातलं पॅकिंग) गेलं समजून घाबरतो. बहुतेक वेळा तसं नसतं. ऑइल पुरतं तापलं तर त्यातलं पाणी उडून जातं, छोट्या फेरीत ते तापतच नाही. पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉलही यात भर घालतं, कारण इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि थंड इंजिनात न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं. ते इथेनॉल आपल्याच भागातल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीतही तयार होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त आठवड्यातून एकदा गाडी हायवेला नेऊन नीट तापवतो. कुलंट कमी होत असेल, किंवा कॅनमधल्या द्रवाला कुलंटचा रंग आणि गोडसर वास असेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासायलाच हवं.

प्रत्येक वेळी निघालेलं मी मापाच्या बाटलीत ओततो आणि वहीत तारीख, किलोमीटर, रंग, वास लिहितो. कंटाळवाणं वाटेल, पण कॅनचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच. एका उन्हाळ्यात प्रमाण अचानक दुप्पट झालं. चालवण्यात काही बदल नव्हता. पीसीव्हीचा डायफ्राम फाटला होता आणि मॅनिफोल्ड चेंबरमधून बेलगाम ओढत होतं. आयडलिंगला ऑइलचं झाकण उघडताना ते नेहमीपेक्षा घट्ट ओढलेलं लागलं, तीच खूण. डॅशबोर्डवर दिवा अजून लागलाही नव्हता. प्रमाण हळूहळू वाढत गेलं तर रिंगांकडे बघावं, कॉम्प्रेशन तपासावं. आणि कॅन कायम कोरडाच निघाला तर आनंद मानू नये. कुठली तरी नळी निसटली आहे किंवा वायू दुसऱ्याच वाटेनं जातोय.

ऑइल बदलताना कॅन पूर्ण उतरवतो. जाळी केरोसिनमध्ये बुडवून ठेवतो, हवेनं उडवतो, नीट वाळवून परत घालतो. बनियन वेस्टनं (कापडाच्या चिंध्यांनी) आतून पुसताना धागा राहू द्यायचा नाही, तो पुढं टर्बोत जाईल. झाकणाची ओ रिंग चपटी झाली असेल तर बदलायची. नळ्या दाबून बघायच्या. बोटाला लिबलिबीत लागली किंवा वळणावर चिरा दिसल्या की नवी. ब्रॅकेटचे नट नायलॉकचे आहेत तरी पाना लावून बघतोच, आपल्या रस्त्यांवर काहीही ढिलं होतं. कॅन अर्ध्याच्या वर भरू द्यायचा नाही, कारण जोरदार वळणावर साठलेलं एकदम ओढलं गेलं तर निळा धूर निघेल, आणि प्रमाण जास्त असेल तर इंजिनाला इजा होईल.

कॅनमधलं ऑइल परत इंजिनात ओतायचं नाही. त्यात पाणी आणि पेट्रोल असतं. आणि ते गटारात तर कधीच नाही. आपली गटारं शेवटी पंचगंगेला मिळतात, आणि त्या नदीनं आधीच पुरेसं सोसलंय. मी ते घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात साठवतो आणि सर्व्हिसिंगला जाताना गॅरेजच्या वापरलेल्या ऑइलच्या बॅरलमध्ये ओततो, तिथून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जातं. गॅरेजवाल्याला एकदा विचारून खात्री करून घेतली होती.

परवा, सफाईनंतर वीसेक हजार किलोमीटर झाल्यावर, मॅनिफोल्डमधून बोरस्कोप (नळीच्या टोकाचा छोटा कॅमेरा) घालून बघितलं. व्हॉल्व्हच्या दांड्यांवर पातळ काळपट पापुद्रा आहे, पहिल्या वेळेसारखा खडबडीत थर नाही. याचं सगळं श्रेय कॅनला देता येणार नाही. मधल्या काळात मी कमी उडणारं ऑइलही वापरायला लागलो. ऑइल २५० अंशांना तासभर तापवून किती टक्के उडतं ते मोजणारी नोआक नावाची चाचणी असते, तिचा आकडा डेटाशीटवर बघून निवडलं. एक व्हॉल्व्ह मात्र इतरांपेक्षा जास्त काळा आहे. त्याचं स्टेम सील (व्हॉल्व्हच्या दांडीवरचं ऑइल अडवणारं रबर) झिजलं असेल तर वरून झिरपणारं ऑइल कुठलाही कॅच कॅन पकडू शकत नाही, कारण ते पीसीव्हीच्या वाटेनं येतच नाही. पुढच्या महिन्यात ते सील तपासायला गाडी देतोय.